पाच नोकर, तीन मेहमान

होतचंद शेटने आयुष्यात कुणाला खोटं सांगितलं नाही, असं मी म्हटलं की आमच्या घरात अजूनही वाद होतो. आमचे हे हातातला पेपर खाली ठेवतात आणि म्हणतात, अख्ख्या अंबरनाथला गंडवलं त्या माणसानं आणि तू त्याला हरिश्चंद्र ठरवतेस. मी म्हणते, गंडवलं असेल, पण खोटं बोलून नाही. मग कसं, असं हे विचारतात. त्यावर मी गप्प बसते, कारण त्याचं उत्तर द्यायचं तर साक्षीला ह्यांनाच उभं करावं लागेल, आणि संध्याकाळी चहा मलाच करायचा असतो.

ते दिवस व्हॉल्व्हच्या रेडिओचे होते. आता नातवंडांना हे समजावून सांगावं लागतं. लाकडी पेटीच्या आत काचेच्या छोट्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह उभे असायचे. रेडिओ लावला की ते हळूहळू तांबूस पेटायचे आणि मग सावकाश आवाज यायचा. पाच व्हॉल्व्हचा रेडिओ, सहाचा, आठाचा, अशी प्रतवारी असे. मुलाचा पगार विचारावा तसे लोक रेडिओचे व्हॉल्व्ह विचारत. जास्त व्हॉल्व्ह म्हणजे जास्त चांगला रेडिओ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी सांगितलं होतं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही राहत होतो ती कारखान्याच्या अधिकाऱ्यांची वसाहत. तिथे रेडिओ पहिल्यांदा आणला प्रधानसाहेबांनी. ते तपासणी खात्यात होते. तयार झालेला माल मोजायचा, पास करायचा आणि खाली सही ठोकायची, हे त्यांचं काम, आणि ते काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की लग्नाला गेले तरी ते पंगतीतली पानं मोजून मगच बसत. त्यांनी आठ व्हॉल्व्हचा रेडिओ आणला आणि दिवाणखान्यात त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवला. पाठीमागचा पुठ्ठाही काढून टाकला. कारण उघड होतं. पुढून पाहिलं तर रेडिओ आणि रेडिओ सारखाच दिसतो, आठ दिवे दिसतात ते मागून.

महिन्याभरात वसाहतीतले सगळे रेडिओ भिंतीकडे तोंड करून बसले. स्टेशन बदलायचं तर पेटीला मिठी मारल्यासारखा हात पलीकडे घालून आंधळेपणानं बटण फिरवावं लागे. गाणारी बाई भिंतीला गाणं ऐकवी आणि भिंतीकडून जे उरेल ते आम्हाला मिळे. पाहुणे आले की समोर खुर्च्या मांडायच्या, रेडिओ लावायचा, आणि दिवे पेटले की यजमानानं काही न बोलता बसायचं. पाहुण्यांचे ओठ हलताना दिसत. एक, दोन, तीन. आठावर आले की ते मान डोलवत आणि लोकांना वाटे, गाणं आवडलं.

हे सगळे रेडिओ उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमधून, होतचंद शेटकडून येत. फाळणीनंतर तो सिंधमधून बायको आणि लहान मुलीला घेऊन आला. बायको आल्यावर वर्षभरात गेली. लष्करानं सोडलेल्या बराकीचा एक तुकडा वाट्याला आला, त्यात मधोमध पडदा लावला. पडद्यापुढे दुकान, मागे घर. मुंबईच्या बाजारात लढाईतून उरलेला माल ढिगानं विकायला येई. त्यातले व्हॉल्व्ह तो टोपलीत वांगी निवडावीत तसे निवडून आणी आणि स्वतः रेडिओ बांधी. ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा हातानं गुंडाळी. मुलगी मोहिनी मोठी झाली तशी त्याच्या शेजारी बसून तापल्या सळईनं तारांना डाक लावायला लागली, आणि गिऱ्हाईक आलं की डोक्यावरची ओढणी सारखी करून पडद्याआड जाऊ लागली.

होतचंद अंगानं बारीक, पांढरा लेंगा, वर कोट, डोक्यावर काळी टोपी. रेडिओ लावला की तो डोळे मिटून घेई आणि एक कान पेटीला जवळजवळ टेकवी. आवाज मनासारखा लागला तर टोपी काढून मांडीवर ठेवी. मी एकदा त्याला विचारलं की टोपी का काढता, तर म्हणाला, मोठ्या माणसापुढे काढतात म्हणून. सगळ्यांना तो साईं म्हणे, मला भाभीजी. मराठी त्यानं कॅम्पातल्या भाजीवालीकडून आणि कोर्टातल्या कारकुनाकडून शिकून घेतली होती, त्यामुळे तो कधी भांडल्यासारखा बोले, कधी अर्ज केल्यासारखा.

आम्ही रेडिओ घ्यायला गेलो तेव्हा त्यानं आधी पापड आणि पाणी पुढे केलं. त्यांच्यात आल्या माणसाला पापडाशिवाय पाणी देत नाहीत. मग एक सेट लावला. मी तसा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. बाई जवळ बसून गाते आहे आणि मध्येच श्वास घेते आहे, तेही कळत होतं. होतचंदची टोपी मांडीवर होती. आमच्या ह्यांनी विचारलं, किती व्हॉल्व्ह? तो म्हणाला, पाच. हे म्हणाले, प्रधानांकडे आठ आहेत. होतचंदनं एक सुस्कारा सोडला, टोपी घातली आणि दुसरा सेट काढला. "आठ वाल्व आहेत, साईं. मोजून घ्या," एवढंच म्हणाला. ह्यांनी मोजून घेतले.

मला राहवलं नाही. मी विचारलं, शेट, पाचात एवढा आवाज येतो, तर वरचे तीन काय करतात? त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ सांगितलं, "भाभीजी, पाच नोकर आहेत, काम करतात. तीन मेहमान आहेत. बसतात, शोभा देतात." आमचे हे खदखदून हसले. काय मिश्कील माणूस आहे, असं वाटेत दोनदा म्हणाले. मलाही तो विनोदच वाटला होता. पण त्यानं सांगितलं होतं की नाही?

त्याचं म्हणणं असं की ऐकणारं गिऱ्हाईक त्यानं अजून पाहिलेलं नाही, सगळे मोजणारेच येतात. सुरुवातीला तो पाचाचे सेट विकायला बसला, तर लोक कान न देता माघारी जात. बाजूच्या गल्लीतल्या दुकानदारानं सहाचा लावला, ह्यानं साताचा. त्यानं आकडे दाखवणारा पुढचा छोटा दिवासुद्धा व्हॉल्व्ह म्हणून धरला, तेव्हा ह्यानं आठाचा काढला. मग त्यानं पाटी लावली नवाची. होतचंद म्हणायचा, "साईं, आम्ही दोघं रेडिओ नाही, दिवाळी विकतोय."

बदलापूरपलीकडे बारवी नदीच्या अंगाला एक गाव आहे. तिथे वीज नव्हती. तिथल्या पाटलांनी बॅटरीवरचा सेट नेला आणि आठ दिवसांनी बैलगाडीत घालून परत आणला. सेट छान बोलत होता, पण बॅटरीचे व्हॉल्व्ह जेमतेम पेटतात, दिवसा तर दिसतच नाहीत. पाटील म्हणाले, गाव म्हणतंय पेटी रिकामी हाय. होतचंदनं समजावून पाहिलं, मग हात टेकले आणि मागे विजेरीचे आठ बल्ब बसवून दिले. बॅटरी अर्थातच चार दिवसांत बसली. पुढे तो त्या बाजूला गेला तेव्हा मुद्दाम पाटलांकडे डोकावला. ओटीवर सेट मांडलेला, मुका, आणि बल्बांपुरती छोटी वेगळी बॅटरी जोडलेली. माणसं समोर बसून आठ दिवे बघत होती. होतचंदनं विचारलं, नवी मोठी बॅटरी पाठवू का? पाटील म्हणाले, "बोलत नाय तं नाय, पन हाय तं आठाचा." हा किस्सा सांगताना तो हसायचा नाही. त्याला त्या सेटचा आवाज आठवायचा.

आमच्या वसाहतीत हे प्रकरण फुटलं ते प्रधानवहिनींच्या हातून. रेडिओची पाठ उघडी म्हणजे धूळ आली, आणि धूळ आली म्हणजे ती पुसायचं काम बायकांचं. भजन चालू असताना वहिनी आत फडकं फिरवत होत्या, धक्का लागला आणि एक व्हॉल्व्ह निघून हातात आला. वहिनींनी डोळेच मिटले. पण भजन चालूच होतं. त्यांनी धीर करून दुसरा उपटला. भजन चालूच. तिसराही निघाला. चौथ्याला रेडिओ बंद पडला, तेव्हा त्यांनी तो परत लावला आणि माझ्याकडे धावत आल्या. आम्ही आमच्या घरी तेच करून पाहिलं. संध्याकाळी मी तीन व्हॉल्व्ह ताटलीत ठेवून रेडिओ लावून ह्यांच्यासमोर बसले. हे रेडिओकडे पाहत होते, ताटलीकडे पाहत होते, आणि शेवटी म्हणाले की हे तू कुणाला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी हे तणतणत होतचंदकडे गेले. त्याच्या आधी प्रधानसाहेब एकटेच जाऊन आले होते, आणि त्याच्या नंतर वसाहतीतले बाकीचे साहेब एकेक करून गेले, हे मला मोहिनीनं नंतर सांगितलं. होतचंदनं प्रत्येकाला पापड दिला आणि एकच गोष्ट सांगितली. तीन मेहमान आहेत हे खरं. ते नुसते पेटतात आणि वीज खातात, त्यानं ट्रान्सफॉर्मर तापतो आणि लवकर जळतो, हेही खरं. सेट घेऊन या, तीन काढून टाकतो, त्यांचे पैसे परत देतो, भोकं बुजवून देतो. एकानंही सेट आणला नाही. काढले तर रेडिओ पाचाचा होणार आणि पाठ तर साऱ्या दिवाणखान्याला दिसणार. प्रत्येकाला वाटत होतं की फसलो तो मी एकटाच, बाकीच्यांचे आठ खरे आहेत. बायकांना सगळं माहीत होतं, पण बायकांना कुणी विचारलं नाही. रेडिओ तसेच भिंतीकडे तोंड करून पेटत राहिले.

मग मोहिनीचं लग्न ठरलं. मुलगा बदलापूरच्या बाजारपेठेतला, बाप लोकूमल, कापडाचा व्यापारी. मिसरीला, म्हणजे त्यांच्याकडच्या साखरपुड्याला, होतचंदनं आम्हा वसाहतीतल्या लोकांनाही बोलावलं. साहेबलोक आले की मुलीच्या बापाचं वजन वाढतं, हे त्यानं मला मोकळेपणानं सांगितलं. बराकीसमोर मांडव घातला होता. खडीसाखरेचं मडकं लाल कापडानं बांधून ठेवलेलं. एका खाटेवर मुलीला द्यायच्या वस्तू मांडल्या होत्या, आणि मधोमध रेडिओ होता. त्याचं तोंड माणसांकडे होतं.

लोकूमल खाटेजवळ आला, साड्या पाहिल्या, भांडी पाहिली, आणि मग रेडिओ उचलून फिरवला. मागचे व्हॉल्व्ह मोजले. त्यानं पुन्हा एकदा मोजलं. म्हणाला, "दादा, दुनियेला आठ, आणि माझ्या घरी पाच?"

होतचंद हात जोडून उभा राहिला. त्यानं सांगितलं की हा त्यानं आजवर बांधलेला सगळ्यात चांगला सेट आहे. तो वीस वर्षं बोलेल, एक दिवस बंद पडणार नाही. बाकीचे सेट बंद पडतात. मोहिनीच्या घरचा पडला तर सासरी पहिलं बोट तिच्याकडे जाईल, रेडिओवाल्याची मुलगी आणि रेडिओ मुका. म्हणून ह्यात एकही मेहमान ठेवला नाही. मग त्यानं सगळ्या मांडवासमोर सांगून टाकलं की आठातले तीन कधीच काम करत नव्हते, एकाही सेटमध्ये नाही. स्वतःच्या धंद्यावर त्या माणसानं स्वतःच्या हातानं पाणी सोडलं आणि तेही मुलीच्या मिसरीच्या दिवशी. माझे डोळे भरून आले.

आणि कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. मुलाकडची माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली. पैसे वाचवायला माणूस काय काय रचतो, असं कुणीतरी सिंधीत म्हणालं आणि ते आम्हालाही कळलं. शेजारच्या गल्लीतल्या दुकानदारानं आपल्या मुलीला नवाचा सेट दिला, हे लोकूमलला माहीत होतं. त्यानं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मडक्याचं कापड अजून सोडलेलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून मला मोहिनी दिसत होती, ती बापाकडे नाही, त्या मडक्याकडे बघत होती.

होतचंद वळला तो प्रधानसाहेबांकडे. "साहेब, तुम्ही बोला. तुमच्या सेटमधून तीन निघाले होते. गाना बंद झाला का?"

प्रधानसाहेबांच्या एका बाजूला आमचे हे, दुसऱ्या बाजूला बाकीचे साहेब. सगळ्यांच्या घरी आठ. प्रधानवहिनींनी पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळायला घेतला. साहेबांनी घसा साफ केला आणि कारखान्यातला माल पास करावा तशा आवाजात म्हणाले, "माझ्याकडे आठही व्हॉल्व्ह चालतात. मी स्वतः तपासले आहेत."

मग होतचंदनं आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे पापड निरखत होते. त्यानं आणखी एक-दोन साहेबांकडे पाहिलं. त्या दिवशी मांडवात सगळ्यांना पापडाची फार काळजी लागली होती. मला त्या क्षणी नवऱ्याची लाज वाटली, आणि ती मी त्यांना परतीच्या वाटेवर बोलूनही दाखवली.

होतचंद चिडला नाही. "साहेबांचं खातंच तपासणीचं आहे," तो म्हणाला. "माझीच गिनती चुकली असणार." त्यानं लोकूमलला बसायची विनंती केली, सेट उचलला आणि पडद्याआड गेला. आत भोकं पाडायचा आवाज सुरू झाला. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. साखरपुड्याच्या कपड्यांत, हातात बांगड्या भरलेली मोहिनी बापाशेजारी बसून डाक लावत होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, ट्रान्सफॉर्मर तरी मोठा घाला." तो म्हणाला, पेटीत जागा नाही. दोघंही मान वर न करता काम करत राहिले. बाहेर लोक पकोडे खात होते.

सेट बाहेर आला तो दहाचा. दहाही पेटले. लोकूमलनं मोजले, होतचंदला मिठी मारली, मडक्याचं कापड सोडलं आणि सगळ्यांना खडीसाखर वाटली. प्रधानसाहेबांनी ती तोंडात टाकली आणि म्हणाले, बघा, चालतात की नाही सगळे.

आपल्याला वाटेल, त्या दिवसापासून होतचंदचा धंदा बसला असेल. उलट वाढला. साहेबांनी तपासलेले आठ, अशी ख्याती झाली. तो मात्र थकल्यासारखा दिसे. सेट लावी, पण टोपी काढताना मी त्याला नंतर पाहिलं नाही.

शेवटचा भेटला तो अंबरनाथ स्टेशनबाहेर, टांग्यांच्या अड्ड्याजवळ. मोहिनीच्या लग्नाला तोवर काही वर्षं झाली होती. हातात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं, ते त्यानं क्षणभर कठड्यावर ठेवलं. मी विचारलं तर म्हणाला, बदलापूरला मोहिनीकडे चाललोय, ट्रान्सफॉर्मर आहे. दहाच्या सेटचा पुन्हा जळला.

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, तुम्हाला भीती होती तेच झालं, तिला सासरी ऐकून घ्यावं लागत असेल. तो म्हणाला, छे, लोकूमल तर बाजारात मिरवतो की दहा वाल्वचा सेट आहे, त्याला एवढी देखभाल लागणारच. मग त्यानं सांगितलं की त्यांच्यात मुलीच्या घरी बाप पाणीसुद्धा पीत नाही, कारणाशिवाय जातही नाही. पण रेडिओ बंद पडला की लोकूमल स्वतः निरोप धाडतो, खुर्ची मांडतो. मग होतचंद दुपारभर सेट उघडून बसतो, आणि शेजारी मोहिनी डाक लावते. "पाचाचा दिला असता, भाभीजी, तर वीस वर्षं मला कुणी बोलावलं नसतं."

मी ते ओझं उचलून पाहिलं. म्हटलं, तरी शेट, तुम्ही म्हातारे झालात, जरा जाड तारेचा, दणकट गुंडाळा की, निदान दिवाळीपर्यंत टिकेल असा.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पंच्याची गाठ घट्ट केली आणि ट्रान्सफॉर्मर पोटाशी धरला. "ह्या वेळी तार अजून बारीक घातली आहे," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधी जळायला पाहिजे."